रविवार डोंगराचा, तयारी घरची

मैत्रिणींनो, पावसाळा सरला, कोजागिरी आटोपली, की आमच्या साताऱ्यात डोंगरवाटांवर भटकणाऱ्या मंडळांची पत्रकं येऊ लागतात. पूर्वी ती दुकानांच्या दारांवर चिकटवलेली दिसत, आता मोबाइलवर येतात, एवढाच काय तो फरक. कधी वासोटा, कधी राजगड, कधी 1646 मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई! आपण पत्रक वाचतो. मुलाचं नाव देतो. ह्यांचं नाव देतो. पहाटे उठून दोघांचे डबे भरतो. आपलं नाव द्यायचं मात्र राहूनच जातं.

का राहतं हो? मी शाळेतल्या सहशिक्षिकांना आणि शेजारपाजारच्या बायकांना विचारून पाहिलं. उत्तरं फिरून फिरून तीच आली. “मला दम लागतो.” “माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल.” “घरचं कोण बघणार?” आणि चौथं कारण, जे कुणी मोठ्यानं बोलत नाही: “तिथं बाईमाणसाची सोय काय?” या चारही कारणांना उत्तरं आहेत, आणि ती सगळी घरापासूनच सुरू होतात. दोन वर्षं मी मंडळाबरोबर जाते आहे. त्या अनुभवातून हे लिहिते.

आधी एक सांगते. डोंगर हे संसारी बाईचं काम नव्हे, असं कुणी म्हणालं तर त्याला जुंको ताबेईचं नाव सांगा. ही जपानी बाई 16 मे 1975 रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. तिथं पोहोचलेली ती जगातली पहिली स्त्री. घरी नवरा होता, लहान मुलगी होती. मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्यावर, बायकांनी घरी मुलं सांभाळावीत, असंही तिला ऐकून घ्यावं लागलं. तिनं शिकवण्या करून पैसा जोडला. शिखर गाठण्याच्या बाराच दिवस आधी हिमकडा कोसळून ती बर्फाखाली गाडली गेली होती. बाहेर काढल्यावर पुन्हा उभी राहिली आणि वर गेली. आपल्या बचेंद्री पाल 23 मे 1984 रोजी एव्हरेस्टवर पोहोचल्या, त्या संस्कृतात एम.ए. आणि बी.एड. झालेल्या! आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्याच डोंगरवस्त्यांतल्या बायका डोक्यावर मोळी घेऊन रोज चढउतार करतात. त्यांना कुणी गिर्यारोहक म्हणत नाही, इतकंच.

आता पहिलं कारण, दम. दम सगळ्यांनाच लागतो. तो कशामुळे लागतो, ते मात्र पाहायला हवं. आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असणं फार आढळतं. जिना चढताना धाप लागते आणि आपण ती वयावर ढकलतो. म्हणून नाव देण्याआधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या. मधुमेह, दमा, हृदयाचा त्रास किंवा गुडघेदुखी असेल तर त्यांच्या सल्ल्याशिवाय पाऊल टाकू नका.

सगळं ठीक असेल तर सहा आठवडे पुरतात. पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. वेग किती? शेजारणीशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटं जिन्याची चढउतार जोडा आणि रविवारी एखादी टेकडी चढा. पुण्याच्या बायकांना सिंहगड आहे, आम्हाला अजिंक्यतारा. गावाच्या उशालाच हा किल्ला. 1708 मध्ये शाहूमहाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, तेव्हापासून हे गाव राजधानी म्हणून नावारूपाला आलं. गडाच्या दरवाजापर्यंत पक्का रस्ता आहे, त्यामुळे सकाळी तिथं आजीबाईंपासून कॉलेजच्या पोरींपर्यंत सगळ्या भेटतात. वर मंगळाईचं दर्शन घ्यायचं, तटावरून घरांची कौलं आणि गच्च्या पाहायच्या आणि उतरायचं. व्यायामाचा व्यायाम आणि देवदर्शनही!

पाचव्या आठवड्यात पाठीवर पिशवी घ्या. तिच्यात दोन किलो तांदूळ भरा, मग तीन किलो. वजन वाटतं त्याहून जास्त दमवतं, त्याची सवय घरीच झालेली बरी. सहाव्या आठवड्यातले शेवटचे तीन दिवस मात्र विश्रांती. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं पुस्तक वाचणाऱ्या मुलांना आपण रागावतो ना? तसंच हे.

खरी परीक्षा चढताना नसते, उतरताना असते. उतारावर सगळा भार गुडघ्यांवर आणि मांड्यांवर येतो. त्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. वरणाला उकळी येईपर्यंत ओट्याशी उभ्या असाल तेव्हा टाचा उचलून चवड्यांवर उभ्या राहा. उतरताना पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि हातात काठी असू द्या. काठी म्हणजे म्हातारपण नव्हे!

जोड्यांच्या बाबतीत काटकसर नको. तळव्याला खोल खाचा असलेले, घोट्याला आधार देणारे आणि बोटांपुढे थोडी जागा राहील असे घ्या, कारण उतरताना बोटं पुढे सरकतात. खरेदी संध्याकाळी करा. दिवसभराच्या कामानं पाय थोडे फुगलेले असतात, माप बरोबर मिळतं. नवे जोडे किमान दोन आठवडे बाजारहाट करताना वापरा. पायाची नखं कापा. मोजे ओले झाले की फोड येतात, म्हणून एक जादा जोड पिशवीत ठेवा.

कपडे अंगभर, पण सुटसुटीत. सलवार-कमीज चालतो, ओढणी मात्र घरी ठेवा. ती झुडपात अडकते. काचेच्या बांगड्या फुटून हाताला लागतात, त्या काढून ठेवा. मंगळसूत्र कपड्यांच्या आत घ्या. अत्तर, सेंट, वासाचं तेल अजिबात नको. किल्ल्यांच्या कड्यांवर आग्यामोहळं असतात, आणि उग्र वासानं, धुरानं, आरडाओरड्यानं माश्या चवताळतात. खांद्याच्या पर्सऐवजी पाठीवरची रुंद पट्ट्यांची पिशवी घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

पिशवीत काय काय? पाणी तीन लिटर. दशम्या किंवा धपाटे, कोरडी चटणी, उकडलेले बटाटे, गूळ-शेंगदाणे. ओल्या नारळाची चटणी आणि दहीभात उन्हात टिकत नाहीत. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती जलसंजीवनीचं प्रमाण पाठ करून ठेवा. मीठ अंदाजानं टाकू नका. बॅटरी, शिट्टी, टोपी, चिकटपट्टी, आपली रोजची औषधं, आणि चिठ्ठीवर आपलं नाव, रक्तगट व घरचा फोन.

दुसरं कारण, “माझ्यामुळे थांबावं लागेल.” अहो, थांबायलाच हवं! चांगल्या मंडळात एक अनुभवी माणूस पुढे असतो आणि एक सगळ्यांच्या मागे. मागच्याच्या मागे कुणीही राहायचं नाही, हा नियम. नाव देण्याआधी स्पष्ट विचारा: माणसं किती आणि सांभाळणारे किती? त्यांत बाई आहे का? प्रथमोपचाराचं शिक्षण कुणी घेतलंय? परतायची वेळ ठरली आहे का? आमच्या तब्येतीची माहिती लिहून घेता का? महाराष्ट्र शासनानं 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा सहली नेणाऱ्यांनी नोंदणी करावी असं आहे; तेही विचारा. मुलाला शाळेत घालताना आपण शंभर प्रश्न विचारतो, मग स्वतःचा जीव सोपवताना संकोच कसला? उत्तर द्यायला जो कंटाळतो, त्याच्याबरोबर जाऊ नये.

आता ते चौथं, न बोललं जाणारं. त्याला मी आधी घेते, कारण त्यातच खरा धोका आहे. आडोशाला जावं लागू नये म्हणून आपण बायका पाणीच पीत नाही. चढावर घाम जातो, वर पाणी नाही. मग पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं दुखतं, चक्कर येते. ऊन असेल तर उष्माघातापर्यंत मजल जाते. आणि मग सगळे म्हणतात, बायकांना झेपत नाही! झेपत नाही असं नाही, पाण्यावाचून कुणालाच झेपणार नाही. तेव्हा तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहा. गटातल्या एका मैत्रिणीशी आधीच ठरवा की दोघींनी मिळून जायचं. एक आडोशाला, दुसरी राखणीला. पुढच्या माणसाला “आम्ही दोघी पाच मिनिटं थांबतोय” एवढं सांगितलं की पुरे, कारण सांगावं लागत नाही. ओढ्या-टाक्यांपासून निदान साठ मीटर, म्हणजे सुमारे ऐंशी पावलं, दूर जावं. पाळी असली तरी त्रास फार नसेल तर जाता येतं. वापरलेले पॅड जाड कागदात गुंडाळून बंद पिशवीतून परत आणायचे. पुरले तर जनावरं उकरून काढतात.

राहिलं तिसरं कारण, घर. आपण काय करतो? रविवारी जायचं म्हणून शनिवारी रात्री बारापर्यंत दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवतो, पहाटे तीनला उठून पुन्हा चपात्या लाटतो आणि साडेपाचला गाडीत बसतो. डोंगराच्या पायथ्याशी पोहोचायच्या आतच आपण थकलेल्या असतो. पुढे पाय घसरला तर दोष डोंगराला! अपुऱ्या झोपेनं तोल आणि लक्ष दोन्ही जातं. म्हणून पंधरा दिवस आधी घरात तारीख सांगा, कॅलेंडरवर खूण करा आणि आदल्या रात्री नऊला झोपा. खिचडी कुणालाही टाकता येते. आमच्याकडे सासूबाईंनीच फर्मान काढलं, “एक दिवस आम्ही उपाशी मरत नाही, तू नीज.” सगळ्यांच्या घरी असं म्हणणारं कुणी असेलच असं नाही. तिथं आपणच म्हणायचं, शांतपणे, आणि दिवा मालवायचा.

आता तुम्ही म्हणाल, इतकं सगळं करून मिळतं काय? आमच्या भागातला वासोटाच घ्या. साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीला उतरायचं. तिथं कोयना धरणाचा शिवसागर पसरलेला. लाँचमधून तास-दीड तास पाण्यावरून जायचं. पलीकडे कोयना अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची आणि चालायला लागायचं. रान इतकं दाट की बराच वेळ ऊन अंगावर येत नाही. पायाखाली वाळल्या पानांचा आवाज, कुठं गव्याचे खूर उमटलेले. दोन-अडीच तासांनी रान संपतं, शेवटचा चढ उघड्यावर येतो आणि आपण माथ्यावर! महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं, पडक्या वाड्याचे चौथरे. पश्चिमेला गेलात की बाबूकडा, सरळ खाली तुटलेला. खाली सगळं कोकण.

हाच गड एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका बाईनं लढवला. ताई तेलीण तिचं नाव. पंतप्रतिनिधींच्या बाजूनं तिनं पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेला महिनोन् महिने झुंजवत ठेवलं. पुस्तकात वाचलं होतंच, वर्गात सांगितलंही होतं. पण घामेजल्या अंगानं त्या चौथऱ्याशी उभं राहिल्यावर कळलं, इथं दाणागोटा चढवणं म्हणजे काय आणि पाणी जपणं म्हणजे काय.

वासोट्यावर मुक्कामाला परवानगी नाही, अंधार पडायच्या आत परत यावंच लागतं. म्हणून तिथं ठरल्या वेळेला मागे फिरणं हीच शिस्त. माथा पंधरा मिनिटांवर राहिला असला तरी वेळ झाली की वळायचं. गड कुठं जात नाही, पुढच्या हिवाळ्यातही असतोच. एप्रिल-मेचं ऊन आणि भर पावसातले शेवाळलेले कातळ नवख्यांनी टाळावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला काळ.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना “आई गं” होतं. गरम पाण्यानं शेकावं, थोडं चालावं, दोन-तीन दिवसांत उतरतं. मी सोमवारी तास घेताना फळ्याला टेकूनच उभी होते, पण शिकवताना आवाज मात्र खणखणीत!

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा पत्रक आलं की सगळ्यात वर आपलं नाव लिहा. व्यवसायाच्या रकान्यात गृहिणी असेल तर ठळक अक्षरांत गृहिणीच लिहा. आणि डबा? तो या खेपेला आपल्यापुरता एकच भरा.