फुटेज कोण बघणार?

गिरगावातल्या चाळीची गॅलरी कागदोपत्री सामाईक जागा असते. राहणाऱ्यांसाठी मात्र ती खोलीचाच पुढचा भाग असते. तिथे पापड वाळतात, केस विंचरले जातात, दुपारी एखादी आजी सतरंजी टाकून पडते, दहावीची मुलं रात्री दिव्याखाली अभ्यासाला बसतात. आणि टोकाच्या सामाईक संडासाकडे जाताना प्रत्येकाला सगळ्यांच्या दारांवरून जावं लागतं. अशा जागी कॅमेरे बसवणं हे माझं काम आहे. ठाकूरद्वार, मुगभाट, फणसवाडी, खेतवाडी इथल्या चाळी, मंडळं आणि दुकानांच्या सीसीटीव्ही यंत्रणा मी लावते आणि सांभाळते. कॅमेरा कुठे लावायचा यावर चाळीच्या सभेत तासभर भांडण होतं. त्याचं चित्र कोणी बघायचं, किती दिवसांमागचं बघायचं आणि कोणी बाहेर न्यायचं, यावर पाच मिनिटंही कोणी बोलत नाही. चाळीत पुढे जे काही बरं-वाईट होतं, ते याच न झालेल्या बोलण्यातून होतं, असं माझं ठाम मत आहे.

बसवण्याच्या दिवशी सहसा काय घडतं ते सांगते. सोळा कॅमेरे, एक रेकॉर्डर म्हणजे एनव्हीआर, त्यात हार्ड डिस्क. यंत्र पहिल्यांदा सुरू करताना ‘ॲडमिन’ नावाचं खातं तयार होतं. त्या खात्याला सगळंच करता येतं: चित्र बघणं, रेकॉर्डिंग पुसणं, घड्याळ मागे-पुढे करणं, नवीन माणसं जोडणं. कार्यकारिणीतले सगळे आपापले फोन पुढे करतात, ‘माझ्यावरपण टाकून द्या.’ घाईतला टेक्निशियन तोच ॲडमिन आणि तोच पासवर्ड सगळ्यांच्या ॲपमध्ये भरतो, एनव्हीआरच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवतो आणि निघतो. त्यानंतर यंत्राच्या लेखी त्या चाळीत एकच माणूस राहतो, ॲडमिन. उद्या एखादी क्लिप व्हॉट्सॲपवर फिरली किंवा नेमका हवा तो तास पुसलेला निघाला, तर लॉग उघडून काही हाती लागत नाही. ओळीओळीला तेच नाव.

म्हणून माझ्या कामात प्रत्येक माणसाचं खातं वेगळं, आणि त्या खात्यापुढच्या परवानग्यांच्या चौकटी वेगळ्या. लाइव्ह, प्लेबॅक आणि बॅकअप या तीन चौकटी मी एका माणसासमोर एकत्र टिक करत नाही. वॉचमनला फाटक, जिना आणि मीटरची खोली लाइव्ह दिसली की त्याचं काम होतं. गॅलऱ्यांचे कॅमेरे त्याच्या पडद्यावर येण्याचं कारणच नाही.

प्लेबॅक ही फार निराळी गोष्ट आहे. लाइव्ह चित्रात माणूस येतो आणि निघून जातो. प्लेबॅकमध्ये तो पंधरा दिवसांच्या येण्याजाण्यासकट हाती लागतो. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी कामावरून किती वाजता परतते, तिला फाटकापर्यंत कोण सोडतं, कोणाकडे डॉक्टर आले, कोणाच्या दारात वसुलीवाला उभा राहिला. ‘चाळीत हे सगळ्यांना माहीतच असतं हो,’ असं मला दर वेळी ऐकवतात. असतं, खरं आहे. पण समोरच्या खोलीतली काकू बघते तेव्हा काकूही तुम्हाला दिसत असते; फार झालं तर तुम्ही तिला दोन शब्द सुनावू शकता. रात्री एकटाच बसून मोबाइलवर चित्र मागे-पुढे करणारा मात्र कोणालाच दिसत नाही. चाळीत एकमेकांकडे बघण्याचे काही रिवाज होते. सगळ्यांना खुला प्लेबॅक ते रिवाज मोडतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

बॅकअप, म्हणजे पेनड्राइव्हवर किंवा फोनमध्ये फुटेज काढून घेणं, त्याहून गंभीर. एकदा बाहेर गेलेली क्लिप परत आणता येत नाही. म्हणून प्लेबॅक आणि बॅकअपची कामं मी एका स्वतंत्र खात्यावर ठेवते आणि त्याचा पासवर्ड बँकेच्या लॉकरसारखा दोघांत वाटते: अर्धा सेक्रेटरीकडे, अर्धा कार्यकारिणीबाहेरच्या एखाद्या रहिवाशाकडे, शक्यतो बाईकडे. दोघं एकत्र बसल्याशिवाय मागचं काही उघडत नाही. मोठ्या कंपन्यांच्या काही सॉफ्टवेअरमध्ये अशा दुहेरी लॉगइनची सोय मुळातच असते; चाळीच्या बजेटात ती बसत नाही, म्हणून हा साधा उपाय. शेजारी एक वही असते. तारीख, कॅमेरा, किती ते किती वाजेपर्यंत, कारण, दोघांच्या सह्या. वही पाहून लोक आधी कंटाळतात. पहिली चोरी झाली आणि अर्ध्या तासात, भांडणाशिवाय, नेमकं फुटेज निघालं की तिची सवय होते.

हार्ड डिस्क किती मोठी घ्यायची, हाही माझ्या लेखी परवानगीचाच प्रश्न आहे. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला २ मेगाबिट धरला, तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी लागतात. सोळा कॅमेऱ्यांचे जवळपास ३५० जीबी. ८ टीबीच्या डिस्कवर तीन आठवडे मावतात आणि मग जुन्यावर नवीन लिहिलं जातं. सायकल गेली, मीटर फोडला, कोणी जिन्यात पडलं, हे तीन आठवड्यांत कळतंच. ‘सहा महिन्यांचं ठेवा’ म्हणणाऱ्यांना मी विचारते, कशासाठी? उत्तर येत नाही. पोलिस ठाण्यांचा हिशोब मात्र उलटा आहे. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलिस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं आणि रेकॉर्डिंग अठरा महिने, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं. तिथे कॅमेरा सत्ता हातात असलेल्यांवर लावलेला असतो, आणि मार खाल्लेल्या माणसाला तक्रारीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. चाळीत कॅमेऱ्यासमोर शेजारी असतात.

कॅमेरे बसवण्याआधी मी चाळीतल्या बायकांना भेटते. सभेत न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी तिथे कळतात. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा सगळ्या झोपेच्या कपड्यांत बाहेर असतात. एका खोलीत आजारी माणूस आहे, वारा यावा म्हणून दार दिवसभर उघडं असतं. अशा जागांवर चित्रात काळा चौकोन टाकता येतो, त्याला प्रायव्हसी मास्क म्हणतात. तो कॅमेऱ्यातच टाकावा, असा माझा आग्रह असतो. मग रेकॉर्डिंगमध्येच काळं उतरतं आणि नंतर ॲडमिनलाही ते उलगडता येत नाही. काही यंत्रणांत मास्क फक्त बघण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. खाली चित्र शाबूत राहतं आणि परवानगी असलेला माणूस पडदा बाजूला करू शकतो. चाळीत असा मास्क मला चालत नाही. मायक्रोफोन तर मी सगळीकडे बंद ठेवते. चोर ओळखायला आवाज लागत नाही, आणि गॅलरीत जे बोललं जातं ते साठवून ठेवण्याचा हक्क कोणालाच नाही.

इतकं करूनही मागची दारं उघडी राहतात. एनव्हीआरमध्ये परवानग्या कितीही बारकाईने लावल्या तरी प्रत्येक आयपी कॅमेऱ्याला स्वतःचा पासवर्ड असतो. कॅमेरे आणि ऑफिसचं वायफाय एकाच जाळ्यात असतील, तर तो पासवर्ड माहीत असलेला माणूस रेकॉर्डरला बाजूला ठेवून थेट कॅमेऱ्याचं चित्र उघडतो आणि रेकॉर्डरच्या लॉगमध्ये त्याची नोंदही होत नाही. म्हणून कॅमेऱ्यांची वायर एनव्हीआरच्या मागच्या पोर्टमध्येच जावी आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा पासवर्ड बदललेला असावा. दुसरं दार वॉचमनच्या टेबलावरच्या टीव्हीचं. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये जोडलेल्या पडद्यावर लॉगइन न करताही लाइव्ह चित्र दिसत राहतं. कोणते कॅमेरे असे दिसावेत याची सेटिंग वेगळी असते आणि ती सहसा कोणी उघडत नाही. तिसरं, यंत्र ॲपशी जोडण्यासाठी त्यावर चिकटवलेला क्यूआर कोड. त्याचा फोटो काढून घरी नेता येतो, म्हणून नोंदणी झाली की मी तो झाकते.

चौथं दार आमच्याच धंद्यातलं. पुष्कळ टेक्निशियन ग्राहकाची यंत्रणा स्वतःच्या ई-मेलवर नोंदवतात आणि ग्राहकाला फक्त ‘शेअर’ करून देतात. दुरुस्तीला सोपं जातं, हे कारण खरंही असतं. पण मग चाळीच्या कॅमेऱ्यांचा मालक तो टेक्निशियन झाला. अमेरिकेत टेक्सासमध्ये एका सुरक्षा कंपनीच्या टेक्निशियनने ग्राहकांच्या खात्यांत आपला ई-मेल गुपचूप जोडून ठेवला होता. साडेचार वर्षांत सुमारे दोनशे घरांत तो ९,६००हून जास्त वेळा डोकावला. २०२१ मध्ये त्याला ५२ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हेरकाडा या कंपनीच्या एकाच सुपर ॲडमिन खात्यातून हॅकरना सुमारे दीड लाख कॅमेरे उघडता आले, त्यांत रुग्णालयं होती, तुरुंग होते. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणीचं चित्रण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं, तेव्हा पकडलेल्या आरोपींत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. या शेवटच्या बातमीने मला अजूनही राग येतो. ज्या खोलीत बाई तपासायला आडवी होते, तिथे कॅमेरा लावायला मुळात कोणी सांगितलं आणि कोणी लावून दिला?

मंडळांचं काम वेगळ्या धर्तीचं. १८९३ मध्ये केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून गिरगावात गणेशोत्सव म्हणजे गल्लीतल्या प्रत्येकाच्या हाताला काम. मंडपात आठ-दहा कॅमेरे लागतात: दानपेटी, दागिने, रांग, प्रवेश, मागची वीज. कार्यकर्ते पाळ्यांनी बसतात, चेहरे रोज बदलतात. इथे मी माणसांच्या नावाने खाती काढत नाही. पाळीच्या नावाने काढते, आणि कोणत्या पाळीला कोण होतं हे मंडळाच्या वहीत लिहिलेलं असतं. त्यांना फक्त लाइव्ह. दानपेटीचं प्लेबॅक खजिनदार आणि आणखी एक जण मिळून बघणार. विसर्जन करून चौपाटीवरून मुलं दुसऱ्या दिवशी परततात, झोपतात, आणि ती खाती वर्षभर तशीच उघडी राहतात. छोट्या रेकॉर्डरमध्ये खातं ठराविक तारखेला आपोआप बंद होण्याची सोय सहसा नसते. म्हणून खाती बंद करणं हे काम मी मंडळाच्या जमाखर्चाच्या यादीत घालून ठेवलं आहे. मंडपवाल्याचं बिल चुकतं होतं, त्याच दिवशी खाती पुसली जातात.

पोलिस फुटेज मागतात तेव्हा लोक गोंधळतात. गिरगावाने १३ जुलै २०११चा ऑपेरा हाउसचा स्फोट पाहिला आहे. मदत करायची नाही असं इथे कोणीच म्हणत नाही. मी एवढंच सांगते की मागणी लेखी घ्या, हवा तेवढाच वेळ काढून द्या, एक प्रत सीलबंद ठेवा. ओळखीच्या हवालदाराच्या फोनवर क्लिप पाठवणं म्हणजे तपासाला मदत नव्हे. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. हा मुद्दा पक्का झाला तो आपल्या जालन्याच्या खटल्यात. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे अर्ज वेळेत दाखल झाले होते का, याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणात होता, आणि त्यांचे पराभूत प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांनी मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. आता १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसाही, लिहावी लागते. त्यावर तज्ज्ञासोबत सही कोण करणार? ज्याच्या ताब्यात यंत्र आहे, ज्याने फुटेज काढलं, तो. यंत्रणेत सगळेच ॲडमिन असतील तर ही सही करायला कोणी पुढे येत नाही, हे मी पाहिलं आहे.

परवानग्या घट्ट करायच्या म्हणजे संकटात दार बंद, असं होता कामा नये. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्याच्या रात्री पोलिस अधिकारी विश्वास नांगरे पाटील आणि त्यांचे सहकारी ताज हॉटेलच्या सीसीटीव्ही कक्षात पोहोचले आणि दहशतवाद्यांच्या हालचाली पडद्यावर पाहू शकले. त्या रात्री पासवर्ड कोणाकडे आहे हे शोधत बसायला लागलं असतं तर? म्हणून प्रत्येक ठिकाणी सगळे कॅमेरे उघडणारं एक आणीबाणीचं खातं मी सीलबंद पाकिटात ठेवायला लावते. आग लागली, कोणी अडकलं, तर पाकीट फोडायचं. दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलायचा आणि नवीन पाकीट सील करायचं.

आता चाळी उतरताहेत आणि टॉवर उभे राहताहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचं गिरगाव स्थानक सुरू झालं आणि पुनर्विकासाच्या कामाने आणखी वेग घेतला. नव्या इमारतीत कॅमेरे लिफ्टमध्ये असतात, पार्किंगमध्ये असतात, फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र असतं, आणि या सगळ्याचा ॲडमिन बिल्डरने नेमलेल्या कंपनीकडे असतो. चाळीत निदान यंत्र कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्याकडे ताबा घेण्याआधी सल्ला मागायला येणाऱ्या रहिवाशांना मी सांगते: लिफ्टचा परवाना आणि अग्निशमनाचे कागद घ्याल तेव्हा कॅमेऱ्यांचा ताबाही घ्या. समितीसमोर रेकॉर्डरमधल्या सगळ्या वापरकर्त्यांची यादी काढा, क्लाउडवरचं खातं सोसायटीच्या ई-मेलवर आणा, जुने सगळे पासवर्ड बदला. आणि सर्वसाधारण सभेत एक पानाचा ठराव करा: लाइव्ह कोण बघेल, प्लेबॅक कोणत्या दोघांनी मिळून बघायचं, फुटेज कोणाच्या लेखी मागणीवर बाहेर जाईल, किती दिवसांनी पुसलं जाईल. या ठरावाचा मराठी मसुदा मी लिहून ठेवला आहे आणि मागेल त्याला देते. हल्ली नवीन काम घेताना आधी तोच सभेत ठेवायला सांगते. तो मंजूर झाल्याची प्रत हातात आली की मग वायर ओढायला माणसं पाठवते.