कार्डाची मागली बाजू

आमच्या आज्यानं साहुकाराच्या कागदावर अंगठा दिला होता. त्या कागदात काय लिहिलंय ते गावात एकाच माणसाला वाचता येत होतं, आणि तो माणूस म्हणजे साहुकारच. त्या कागदापायी आज्यानं नऊ सालं दुसऱ्याच्या रानात काढली. बाप ही गोष्ट सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "तू शीक म्हंजे झालं."

मी शिकलो म्हणजे दहावीत गचकलो आणि सूतगिरणीत बदलीवर लागलो. पण वाचायचं सोडलं नाही. रिंग खात्यात तिसऱ्या पाळीला तुटलेले धागे जोडता जोडता खिशातल्या चिठोऱ्यावर कविता लिहिल्या. वस्तीत कुणाला नोटीस आली, बँकेचा कागद आला, की लोक माझ्याकडं येतात. "ह्याला दाव, ह्यो वाचतो."

आणि ह्याच वाचणाऱ्या माणसानं २०२२ साली एका कागदावर न वाचता सही ठोकली. दोस्तांनो, ही त्याचीच हकिकत आहे. सांगताना लाज वाटते, तरी सांगतो.

आईला साखर आहे. इन्शुलिन चालू आहे. सरकारी दवाखान्यातून बाटल्या फुकट मिळतात, पण न फोडलेली बाटली दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते, आणि गोठूही द्यायची नसते. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, वर आमचं घर पत्र्याचं. आई बाटली पिशवीत गुंडाळून बारक्या मडक्यात ठेवायची आणि मडकं ओल्या वाळूत. वाळू सुकली का बघायला रात्री दोनदा उठायची. म्हणून फ्रिज घ्यायचा ठरवला. चैन म्हणून नाही.

जयंतीच्या आठवड्यात दुकानात सूट होती. बारका एकदारी फ्रिज, १५,४९० रुपये. दारावर सोनेरी कागद डकवलेला : कॉम्प्रेसर, १० वर्षे वॉरंटी. त्या दहाच्या डोक्यावर एक बारका तारा होता. तो तारा मी बघितला आणि मला तो नक्षी वाटला.

हप्त्यावर घेतला. "व्याज नाही साहेब, नो कॉस्ट," दुकानातला पोरगा म्हणाला. वर ७६७ रुपये फाईल चार्ज लावला. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बजावून ठेवलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते दुसऱ्या नावानं वसूल होतं. हे मला मागनं कळलं. त्याच पोरानं पुढं आणखी एक कागद सरकवला. वाढीव वॉरंटी, दोन वर्षांची, १,८९९ रुपये. "घेऊन टाका, मग टेन्शनच नाही."

आई म्हणाली, "बाळा, सगळं वाचून घे आधी."

कार्ड इंग्रजीत होतं. अक्षर मुंगीएवढं. एसीची हवा, मागं उभी असलेली माणसं, आणि तो पोरगा माझ्या तोंडाकडं बघतोय. "मला इंग्रजी नीट येत नाही, सांग बाबा समजून," एवढं म्हणायचं होतं. तेवढं वाक्य माझ्या तोंडातनं निघालं नाही. मी कार्ड उलटं-सुलटं केलं आणि आईला म्हणालो, "वाचलंय गं." सही केली. आई खूष झाली. तिचा लेक वाचून सही करतो.

दोन वर्षं फ्रिज बरा चालला. शेजारच्या मावशीची आणि पलीकडच्या आजोबांची बाटलीही आमच्याच फ्रिजात असायची. मग २०२४ च्या मे महिन्यात एका दुपारी तो गार व्हायचा थांबला. कॉम्प्रेसर गेला. मी आईला म्हणालो, "घाबरू नको, दहा वर्षांची गॅरंटी हाय."

कंपनीच्या नंबरावर फोन केला. "मेकॅनिक सकाळी दहा ते संध्याकाळी सहात कधीपण येईल." पहिल्या दिवशी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी चारला आला. माझे दोन खाडे. रोज ४५० प्रमाणे ९०० गेले, आणि महिन्याची हजेरी तुटली म्हणून ५०० चा बोनस गेला. हे पैसे कुठल्याच बिलात दिसत नाहीत.

मेकॅनिक माझ्याच वयाचा. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघून "जय भीम दादा" म्हणाला आणि पाणी मागितलं. आईनं मडक्यातलं दिलं. मग त्यानं समजावलं ते असं :

कॉम्प्रेसर फुकट आहे. पण तो बसवायचा तर जुनी नळी कापावी लागते. नळी कापली की गॅस उडतो. मग नळी जोडायची, नवा फिल्टर टाकायचा, पंप लावून आतली हवा नि ओल ओढून काढायची आणि नवा गॅस भरायचा. ह्यातलं काहीच वॉरंटीत नाही. म्हणजे फुकटचा कॉम्प्रेसर पैसे भरल्याशिवाय बसूच शकत नाही. त्या ताऱ्याचा अर्थ कार्डाच्या मागल्या बाजूला, तळाला, हाच लिहिलेला होता.

बिल असं झालं. भेटीचे ३५०. गॅसचे २,२००. फिल्टर आणि नळीचे २५०. मजुरी ७००. वर्कशॉपला नेण्या-आणण्याचे ६००. बेरीज ४,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी ७३८. एकूण ४,८३८ रुपये. आणि सगळ्यात वर एक ओळ : कॉम्प्रेसर, शून्य रुपये.

फ्रिजच्या पाठीवर लेबल असतं. त्यावर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. आमच्या लेबलावर होतं ४२ ग्रॅम. मी त्याला म्हणालो, "भावा, ४२ ग्रॅमचे २,२०० होय?"

तो हसला नाही. म्हणाला, "दादा, मला ह्यातलं काय मिळतंय? मला एका कॉलमागं पैसे. पेट्रोल माझं, मोबाईल माझा. महिन्याला इतकी देखभालीची कार्डं खपवली नाहीत तर कॉल कमी देतात. तुमाला पण विकायला सांगितलंय. मी नाय विकत." जाताना दारात थांबून हळूच म्हणाला, "कार्ड मागनं वाचत जावा."

वाढीव वॉरंटी होती ना? तिच्या हापिसात गेलो. ती फ्रिजच्या कंपनीची नव्हतीच, तिसऱ्याच कुणाची होती. काचेमागच्या बाईनं कागद बघून सांगितलं, "व्होल्टेजमुळं गेलंय, स्टॅबिलायझर नाही, बसत नाही." दुकानात तर स्टॅबिलायझरचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं. त्या रात्री मी डिक्शनरी घेऊन बसलो आणि ते कागद ओळीनं लावून वाचले. कशाकशाची जबाबदारी नाही? विजेच्या चढउताराची नाही. उंदरानं वायर कुरतडली तर नाही. ओलीनं गंज चढला तर नाही. पुराचं पाणी शिरलं तर नाही.

वाचता वाचता मला हसू आलं आणि मग डोकं सणकलं. ही तर आमच्या वस्तीचीच यादी की! वीज नाचते ती आमच्याकडं, उंदीर आमच्याकडं, नाल्याचं पाणी शिरतं ते आमच्याच घरात. कागद करणाऱ्यानं आमची नावं लिहिली नव्हती. पण आम्ही कुठं राहतो ते लिहिलं होतं, आणि तिथंच हात वर केले होते. पैसे घेताना मात्र पत्ता आड आला नाही.

हिशेब केला. फाईल चार्ज ७६७, वाढीव वॉरंटी १,८९९, दुरुस्ती ४,८३८, खाडे नि बोनस १,४००. झाले ८,९०४. फ्रिजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. शिवाय फ्रिज अकरा दिवस वर्कशॉपला. ते अकरा दिवस तीन घरांच्या बाटल्या पुन्हा ओल्या वाळूत, आणि आई पुन्हा रात्री दोनदा उठायला लागली.

तिला मी खरं सांगितलं. "आई, मी त्या दिवशी वाचलं नव्हतं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच हुतं. तू लई बिगीनं उलटवलंस."

आता कायद्याचं ऐका, कारण हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, तो २०२० च्या जुलैपासून लागू झाला. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार टाकता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लागत नाही, आपली बाजू आपण मांडायची. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ ह्या नंबरावर फोन करून तक्रार नोंदवता येते. २०२२ च्या डिसेंबरात सरकारनं 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल काढलं, दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांची माहिती गिऱ्हाइकाला मिळावी म्हणून. कायदा वाईट नाही. पण तारखेला जायचं तर पुन्हा खाडा. न्यायालासुद्धा मागली बाजू असते.

तरी मी अर्ज टाकला. वाढीव वॉरंटीवाल्यांवर. मराठीत, हातानं, चार पानं. कविता लिहिताना एवढा घाम आला नव्हता. निकाल काय लागायचा तो लागेल. अर्ज वाचून मगच सही केली.

आणि एक चालू केलंय. रविवारी वंदना झाली की विहारात आम्ही तिघं-चौघं डिक्शनरी घेऊन बसतो. बाया कागद आणतात. मिक्सरचं कार्ड, शिलाई मशीनचं, बचत गटाच्या कर्जाचं, पोराच्या मोबाईलच्या हप्त्याचं. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मराठी करायचं. अडलं की "येत नाही" असं सरळ म्हणायचं. हा आमचा पहिला नियम आहे. मला तो सगळ्यात जड गेला.

पहिल्या रविवारी आईच पुढं बसली. तिला अक्षर येत नाही. पण कार्ड हातात घेऊन तिनं बोट ठेवलं ते बरोबर त्या बारक्या ताऱ्यावर. म्हणाली, "आधी हे वाचा."