आधी माथा, मग पायथा

बांधकामावरची माती पावसात वाहू लागली की तिला खाली, हद्दीपाशी अडवायची, असं मी बरीच वर्षं मानत आलो. कोकणात रस्त्यांच्या कामावर असताना माझी सगळी तयारी उताराच्या पायथ्याशी असायची. तिथे सिल्ट फेन्सचं कापड, दगडी बांध आणि गाळ बसायला एखादा खड्डा, आणि वर मात्र कापलेला डोंगर उघडाच. आज माझं मत याच्या अगदी उलट आहे. मातीची राखण माथ्यावरून सुरू झाली पाहिजे. पायथ्याचे उपाय हवेतच, पण वरून जे थोडंफार सुटेल तेवढ्यापुरते.

जुन्या मतालाही आधार होता. जिथे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि तोही जेमतेम चार महिन्यांत, तिथे माती जाणारच, हे गृहीत धरणं सोपं जातं. शिवाय खाली साठलेला गाळ डोळ्यांना दिसतो. तो मोजता येतो, डंपरमध्ये भरून नेता येतो. वर न सुटलेली माती कुणाला दिसत नाही, म्हणून तिचं श्रेयही कुणाला मिळत नाही.

मला विचारात पाडलं ते गाळाच्या खड्ड्याच्या हिशेबानं. संथ पाण्यात एक मीटर खाली बसायला 0.1 मिलिमीटर जाडीच्या वाळूच्या कणाला दोनेक मिनिटं लागतात. 0.02 मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला पाऊण तास ते तास लागतो. 0.002 मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला मात्र जवळजवळ तीन दिवस हवेत. आता एक हेक्टर उघडा उतार धरा. त्यावर दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, आणि कोकणात आषाढात हे नवलाचं नाही, तर 10 लाख लिटर पाणी होतं. त्यातलं निम्मं जरी वाहिलं तरी ते तीन दिवस संथ ठेवायला रस्त्याच्या चिंचोळ्या हद्दीत जागा कुठली? तोवर दुसऱ्या दिवशीचं पाणी येऊन थडकतं. म्हणजे खड्ड्यात वाळू राहते आणि चिकणमाती पुढे जाते. जांभ्याच्या थराखालची मऊ माती तर बारीक कणांचीच असते. कामाखालचा ओढा दिवसचे दिवस लाल वाहतो तो यामुळे.

माती सुटते कशी, याबद्दलचाही माझा समज बदलला. वाहतं पाणी तिला ओढून नेतं, एवढंच मी धरून चाललो होतो. पण सुरुवात त्याआधी होते. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगानं जमिनीवर आपटतो. त्यानं ढेकळं फुटतात, बारीक कण उडतात, जमिनीची छिद्रं बुजतात आणि वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, पळतं. त्याच्या ओघळी होतात आणि ओघळींच्या घळी. थेंब आणि माती यांच्या मध्ये पेंढा, काथ्याची जाळी किंवा गवत आलं, तर यातलं बरंचसं सुरूच होत नाही.

शेतजमिनीची धूप मोजण्यासाठी विशमायर आणि स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी मांडलेलं सूत्र तिथल्या कृषी खात्यानं 1965 मध्ये पुस्तिकेतून प्रसिद्ध केलं. पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी व तीव्रता, आच्छादन आणि बंदिस्तीचे उपाय यांचा त्यात गुणाकार आहे. पाऊस आणि माती आपल्या हातात नाहीत. चढ किती, हे रस्त्याच्या आखणीनं ठरलेलं असतं. उताराची लांबी मात्र मधे टप्पे काढून तोडता येते. आणि आच्छादनाचा आकडा, जो उघड्या जमिनीला 1 असतो, तो पेंढ्याच्या चांगल्या थरानं एक दशांशाच्या आसपास येतो. पायथ्याचा कोणताही बांध एवढं करू शकत नाही.

खरं तर हे महाराष्ट्राला कुणी नव्यानं शिकवायला नको. पाणलोटाचं काम ‘माथा ते पायथा’ करायचं, हे आपल्या गावागावांत लोकांना पाठ आहे. हिवरेबाजारच्या डोंगरांवर समतल चर खणले गेले ते याच विचारानं. गावकऱ्यांनी आपल्या डोंगरासाठी जे केलं ते आम्ही अभियंत्यांनी रस्त्याच्या डोंगरासाठी का करू नये, याचं पटेल असं उत्तर मला सापडलेलं नाही.

गाळ शेतात गेला तर शेत सुधारतं, असंही कामावर सहज बोललं जातं. मलाही ते पटायचं. पण ज्यानं शेत सुधारतं तो गाळ धरणातला, आणि ती पाणलोटातल्या शेतांची, वरच्या थरातली माती असते. कटिंगमधून येतो तो खोलातला मुरूम आणि निर्जीव माती, तिच्यात सेंद्रिय अंश जवळपास नसतो. भातखाचरावर तिचा थर बसला की खालची कसदार माती गाडली जाते, आणि तो थर काढायची मजुरी शेतकऱ्यालाच पडते.

म्हणून आता मी कामाचं वेळापत्रक हेच मातीच्या राखणीचं पहिलं हत्यार मानतो. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी जेवढं झाकता येईल तेवढंच उघडावं. वरची सुपीक माती वेगळी काढून, ढीग झाकून ठेवावा आणि उतार तयार झाला की त्यावर परत पसरावी. माथ्यावर चर काढून बाहेरचं पाणी उतारावर येऊच देऊ नये. काथ्याची जाळी आणि स्थानिक गवताचं बी पहिल्या सरींआधी लागलं पाहिजे. जाळी कुजेपर्यंत मुळं धरतात. सिल्ट फेन्स पातळ, पसरून येणाऱ्या पाण्यासाठी ठेवावी. ओढ्यात आडवी लावली तर ती टिकत नाही.

हे कंत्राटदाराच्या सदिच्छेवर सोडून चालणार नाही. मेजरमेंट बुकात चढतं त्याचंच बिल निघतं. खोदाई घनमीटरवर मोजली जाते, तसं झाकणं चौरस मीटरवर मोजलं जावं, आणि निविदेत त्याची स्वतंत्र बाब व दर असावा. मागचा टप्पा झाकल्याची नोंद झाल्याशिवाय पुढचा उघडायला परवानगी देऊ नये. याचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकात धरायलाच हवा, कारण तो तिथे धरला नाही तर खालच्या गावाला भरावा लागतो, आणि त्या गावानं ना निविदा काढलेली असते, ना कुठे सही केलेली.