आरएक्सची टिपणं

१ जूनपासून मासेमारी बंद. मिरकरवाड्याला ट्रॉलर लागले की इंजिनवाल्यांचा खरा हंगाम सुरू होतो. मीही त्याच मुहूर्तावर पडवीत आरएक्स १०० खोलायला घेतली. बाबांची गाडी, सात पावसाळे मांगरात उभी होती. आपल्याकडे गाडी पळून झिजते त्याहून उभी राहून जास्त मरते. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये ऑइलचा साठा नसतो, पेट्रोलबरोबर येईल तेवढंच वंगण. बंद गाडीत ते केव्हाच ओघळून जातं आणि खारी, ओलसर हवा बेअरिंगपर्यंत पोचते. क्रँक हाताने फिरवला तर आतून रेती चावल्यासारखी करकर.

*

आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर क्लच कव्हरची आकृती काढली, आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचला. एकाच कव्हरचे स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की केसला चीर जाते.

*

एअर फिल्टरचा स्पंज हातात धरताच चुरा झाला. खाली जांभ्याची तांबडी पूड, कुंकवासारखी बारीक. हीच पूड ऑइलमध्ये कालवून सिलिंडरला वर्षानुवर्षं पॉलिश करत होती. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूने उभे ओरखडे. ब्लॉक सहा ठिकाणी मोजला, वरून खाली तीन जागा, प्रत्येक जागी आडवा-उभा. पाव मिलिमीटरच्या बोअरने ओरखडे जाणार नव्हते, म्हणून अर्ध्याचा पिस्टन. मूळ माप ५० × ५०, म्हणजे ९८ सीसी. ५०.५ झाल्यावर हिशेब केला तर १००.१. नावातले शंभर आता खरोखरच भरले. फार बरं वाटलं.

*

सगळे सांगतात, १३५चा ब्लॉक चढव. व्यास ५८, स्ट्रोक तोच, १३२ सीसी. त्यासाठी केसचं तोंड कापून मोठं करावं लागतं, आणि कापलेलं अॅल्युमिनियम परत येत नाही. शिवाय आरसी बुकात लिहिलंय त्याहून वेगळी गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. या इंजिनात कंपनीने दिलेले ११ हॉर्सपॉवर पुरेसे आहेत. त्यातले निम्मे गळतीतून जातात, ते परत आणणं हीच माझ्या मते खरी सुधारणा.

*

क्रँक घेऊन एसटीने कोल्हापूरला. आंबा घाटात धुकं, मांडीवर पिशवी. उद्यमनगरात नवा कनेक्टिंग रॉड प्रेसने बसवून घेतला. कारागिराने क्रँक सेंटरवर धरला, डायल लावला, तांब्याच्या हातोडीने एक टोला दिला आणि पुन्हा डायल पाहिला. असे अकरा टोले. काटा ०.०३ मिलिमीटरच्या आत आल्यावरच हातोडी खाली ठेवली.

*

क्रँकला दोन ऑइल सील. उजवा, क्लचकडचा गेला तर गियर ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर येतो, निदान कळतं तरी. डावा, मॅग्नेटकडचा गेला तर काहीच दिसत नाही. बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि एक दिवस भर रस्त्यात धरतो. लोक पिस्टन बदलतात, सील तसाच राहतो.

म्हणून इंजिन बांधल्यावर हवा भरून पाहायचं. आईचं बीपीचं यंत्र घेतलं, पट्टा काढला. कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड ट्यूबच्या रबराने बंद केलं, ऑइल पंपाची नळी बुजवली, प्लगच्या भोकातून नळी आत. फुगा दाबत काटा ३०० वर नेला. एवढाच दाब लागतो, सहा पीएसआयच्या आसपास. आई घड्याळ घेऊन ओटीवर बसली.

"उतरला रे," ती म्हणाली. मिनिटभरात २२०.

साबणाचं पाणी फिरवलं. दोन्ही सील कोरडे. केसच्या जोडाखाली मात्र एकामागून एक बुडबुडे. पूर्वी कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून केस उचकटली होती, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा खळगा आणि कडेला उठलेला काठ. बांधलेलं इंजिन पुन्हा खोललं. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवला आणि केस आठाच्या आकड्यात फिरवत बसलो. चेहरा सगळीकडे एकसारखा चमकेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या. खळगा उरला, पण काठ गेला, बाकीचं काम सीलंटने केलं.

दुसऱ्यांदा काटा ३०० वर. पाच मिनिटं झाली, सहा झाली. आईने घड्याळ मिटलेल्या मुठीत धरलं होतं. काटा जागचा हलला नाही.

*

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. तो ओल धरून ठेवतो, जुनं रबर फुगवतो आणि मिश्रण पातळ करतो. कार्बोरेटरची सुई व्हायटॉनच्या टोकाची घातली, मेन जेट एक नंबर मोठा. महिनाभर चालवायची नसेल तर पेट्रोल काढून ठेवायचं.

*

भाट्याच्या पुलावरून पावसपर्यंत, अर्ध्या थ्रॉटलच्या आत, मध्ये दोनदा थांबून गार करत. परत येऊन प्लग काढला. रंग भाजलेल्या काजूच्या सालीचा. जेट बरोबर आहे. उद्या सकाळी थंड इंजिनावर हेडचे नट पुन्हा आवळायचे.