तपकिरी शैवालातील फ्युकोइडन

वाकामे, कोम्बू आणि मोझुकू ही जपानच्या रोजच्या जेवणातली तीन शैवाले तपकिरी गटात मोडतात. त्यांच्या पेशीभित्तिकेत आणि पेशींमधल्या जागेत सल्फेटयुक्त अशी एक चिकट बहुशर्करा असते. स्वीडनमध्ये उप्सालाला हाराल्ड क्युलिन यांनी १९१३ मध्ये ती प्रथम वेगळी केली. तिला फ्युकोइडन म्हणतात. फ्युकोज या साखरेच्या रेणूंची लांब साखळी आणि तिच्यावर जागोजागी जडलेले सल्फेटचे गट, असा तिचा साचा. तपशील मात्र जातीगणिक बदलतो. मोझुकूतली साखळी बरीच नियमित असते, तर सरगॅसम या तपकिरी शैवालात फ्युकोजच्या जोडीला मॅनोज, गॅलॅक्टोज आणि ग्लुक्युरॉनिक आम्लही सापडते. शिवाय एकाच जातीचे शैवाल दोन रीतींनी उकळले, तर हाती येणारा माल दोन तऱ्हांचा असतो. कोणत्या शैवालातून आणि कसे काढले हे सांगितल्याशिवाय ‘फ्युकोइडन’ या नावाने फारसा बोध होत नाही.

काम सुरू होते ते कापणीपासून. वाकामेची पाती खाण्यासाठी जातात. फ्युकोइडनसाठी देठाच्या तळाशी असलेला चुणीदार, बीजाणू धरणारा भाग घेतला जातो. त्याला जपानीत मेकाबू म्हणतात आणि त्यात पातीपेक्षा फ्युकोइडन जास्त असते. कोम्बूच्या कुळातली शैवाले उन्हाळ्यापासून शरदापर्यंत लॅमिनॅरिन ही बहुशर्करा आणि मॅनिटॉल हे शर्करा-अल्कोहोल साठवतात आणि हिवाळ्यात हा साठा खर्चून टाकतात. म्हणून कापणीचा महिना चुकला, तर नंतरच्या प्रत्येक पायरीवर लॅमिनॅरिन आडवे येते. ताज्या शैवालात आठ-नऊ दशांश पाणीच असते. गोड्या पाण्यात भराभर धुऊन वाळू, मीठ आणि चिकटलेले बारीक जीव काढतात. फार वेळ भिजत ठेवले, तर पाण्यात विरघळणारा कामाचा ऐवजही वाहून जातो. मग सावलीत किंवा मंद उष्णतेवर सुकवून ते दळायचे. पीठ फार बारीक दळण्यात हशील नाही. ते फुगते, त्याचा गोळा होतो आणि गाळणी तुंबते.

ताजे वाकामे तपकिरी असते, पण गरम पाण्यात बुडवताच क्षणार्धात हिरवेगार होते. तपकिरी छटा फ्युकोझँथिन या रंगद्रव्याची. ते हरितद्रव्याबरोबर प्रथिनाला बांधलेले असते. उष्णतेने ती बांधणी मोडते, फ्युकोझँथिन नारिंगी-पिवळे होते आणि हरितद्रव्याचा रंग वर येतो. रंगद्रव्य तेव्हाही शैवालातच असते. ते स्वतःही मोलाचे आहे, पण प्रकाश, उष्णता आणि हवा यांपुढे टिकत नाही. म्हणून पहिली पायरी अंधारात आणि साध्या तापमानाला करतात. दळलेले शैवाल सुमारे ८० ते ८५ टक्के इथेनॉलमध्ये रात्रभर ढवळत ठेवले की रंगद्रव्ये, चरबी, मॅनिटॉल, क्षारांचा मोठा भाग आणि लहान फिनॉली रेणू द्रावकात उतरतात. बहुशर्करा इतक्या अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत, त्या चोथ्यातच राहतात. घाई करून ही पायरी गाळणारा पुढे गढूळ, तपकिरी माल घेऊन बसतो.

खरी अडचण अल्जिनेट या दुसऱ्या बहुशर्करेची. तपकिरी शैवालाच्या सुक्या वजनात ते २० ते ४० टक्क्यांपर्यंत भरते आणि फ्युकोइडनसारखेच पाण्यात उतरू पाहते. नुसत्या गरम पाण्यात उकळले, तर दोन्ही एकत्र येतात आणि गाळता येणार नाही असा लगदा तयार होतो. त्यावरचा उपाय अल्जिनेटच्याच स्वभावात आहे: कॅल्शियम मिळाले की त्याचा न विरघळणारा जेल होतो. म्हणून चोथा २ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात ८५ अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. अल्जिनेट कॅल्शियमशी बांधले जाऊन चोथ्यात अडकते, फ्युकोइडन निवळीत येते. दुसरी वाट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची. आम्लात अल्जिनेटचे न विरघळणारे अल्जिनिक आम्ल होते. ही वाट स्वस्त आहे, पण गरम आम्ल फ्युकोजची साखळीही तोडते आणि सल्फेटचे गट गळतात. उतारा वाढवायला तापमान चढवावे, तर रेणू तुटतात. रेणू जपावेत, तर अर्धा माल चोथ्यातच राहतो. ही ओढाताण कोणत्याच पद्धतीत पूर्ण सुटलेली नाही.

निवळीत थंड इथेनॉल ओतत गेले की पांढुरके, तंतुमय पुंजके दिसू लागतात आणि हळूहळू तळाशी बसतात. अल्कोहोलचे प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात गेले की बहुतेक फ्युकोइडन साक्यात येते. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून साका वेगळा करतात, पाण्यात पुन्हा विरघळवतात आणि डायलिसिसच्या पिशवीत ठेवून क्षार काढतात. लॅमिनॅरिन उरले असेल, तर विद्युतभाराचा उपयोग होतो. फ्युकोइडनवर सल्फेटमुळे ऋणभार असतो, लॅमिनॅरिनवर नसतो. त्यामुळे ऋणभार पकडणाऱ्या स्तंभातून द्रावण सोडले की लॅमिनॅरिन सरळ निघून जाते. अडकलेले फ्युकोइडन मग मिठाचे वाढते द्रावण सोडून उतरवतात. शेवटी गोठवून सुकवले की हलकी, ओलावा ओढणारी पूड मिळते.

पूड पांढरी दिसली म्हणजे शुद्ध झाली असे नव्हे. तपकिरी शैवालात फ्लोरोटॅनिन नावाची फिनॉली द्रव्ये असतात. ती बहुशर्करेला घट्ट चिकटतात आणि ऑक्सिडीकरण रोखण्यात अतिशय तरबेज असतात. कच्च्या फ्युकोइडनला ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून मिळालेल्या श्रेयातला बराच वाटा या सोबत्यांचा असतो. फिनॉलचे प्रमाण न मोजता असे गुण सांगणारा निबंध बाजूला ठेवलेला बरा. फ्युकोज किती, सल्फेट किती, युरॉनिक आम्ल किती (ते जास्त म्हणजे अल्जिनेट शिल्लक असण्याचा संशय), रेणुभार किती आणि फिनॉल किती, हे पाच आकडे किमान हवेत.

निष्कर्षणात ध्वनिलहरी, सूक्ष्मलहरी आणि विकरे वापरली, तर वेळ व उष्णता वाचते. अल्जिनेटच फोडणारे अल्जिनेट लायेज हे विकर त्यांत सर्वांत आशादायक, कारण ते फ्युकोजच्या साखळीला हात लावत नाही. ३१ अंश आणि सुमारे ७४ बारच्या पुढे नेलेला कार्बन डायऑक्साइड फ्युकोझँथिनसाठी चालतो, तोही थोडे इथेनॉल मिसळल्यावर. फ्युकोइडन त्यात विरघळतच नाही.

फ्युकोइडनचा सर्वांत पक्का गुण रक्त गोठण्याची क्रिया मंदावण्याचा. हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाप्रमाणे तेही रक्तातल्या नैसर्गिक रोधकांना रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनविरुद्ध जोर देते, आणि हा गुण सल्फेट व रेणुभार यांवर ठरतो. म्हणजे निष्कर्षणात झालेली मोडतोड थेट परिणामात दिसते. कर्करोग, प्रतिकारशक्ती, सूज यांविषयीचे बरेचसे निकाल पेशी आणि उंदीर यांच्यापुरते आहेत. इतका मोठा रेणू आतड्यातून रक्तात फार थोडा पोचतो, हेही विसरता येत नाही. रक्त गोठू न देणारे वॉरफरिनसारखे औषध घेणाऱ्यांनी अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. शैवाल इतरही बरेच काही साठवते. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. एका ग्रॅम सुक्या कोम्बूत बहुधा त्याच्या दहापट किंवा अधिक असते. हिजिकी या शैवालात असेंद्रिय आर्सेनिक इतके असते, की ब्रिटनच्या अन्न यंत्रणेने २००४ मध्ये ते न खाण्याचा सल्ला दिला. म्हणून अर्काच्या प्रत्येक घाण्याची आर्सेनिक आणि आयोडीनसाठी तपासणी अपरिहार्य ठरते.

उरलेल्या चोथ्यात अडकवून ठेवलेले अल्जिनेट आता सोडवता येते. चोथा सौम्य आम्लात धुऊन कॅल्शियम काढायचे, मग सोडियम कार्बोनेटचे गरम द्रावण घालायचे. सोडियम अल्जिनेट विरघळून येते. त्यानंतर उरतो तो मुख्यतः सेल्युलोज, तो खताला जातो. भारतात हा क्रम उलटा चालत आला आहे. इथले अल्जिनेटचे कारखाने प्रामुख्याने तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून गोळा होणाऱ्या सरगॅसम आणि टर्बिनेरियावर उभे राहिले. सरगॅसम रत्नागिरी-मालवणच्या खडकांवरही वाढते, पण त्यात फ्युकोइडन कमी आणि संमिश्र असते. केवळ त्यासाठी कारखाना काढणे परवडणारे नाही. अल्जिनेट काढण्यापूर्वी शैवाल आम्लात धुण्याची रीत मात्र आहेच, आणि त्या धुवणात फ्युकोइडन उतरते. धुवण फार पातळ असल्याने त्यात थेट इथेनॉल ओतणे महागात जाते. आधी पडद्याच्या गाळणीतून ते घट्ट करावे लागते. त्याच गाळणीतून मीठ आणि विरघळलेले आयोडीनही पाण्याबरोबर बाहेर पडते.