इमेज, डीव्हीडी आणि एक जुनी केबल

सोमवार, 28 जुलै 2014, बोईसर
तारापूर एमआयडीसीतल्या औषध कंपनीची क्यूसी लॅब. एचपीएलसीला जोडलेला पीसी अजून एक्सपीवर. मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिलला एक्सपीवरून हात काढला, पण या यंत्राचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही आणि नवं यंत्र घ्यायला मालक राजी नाहीत. म्हणून सी ड्राइव्हची अख्खी इमेज काढून ठेवायची. लॅबमध्ये पेनड्राइव्हला बंदी, तेव्हा डीव्हीडी-आर. ऑडिटवाल्यांनाही तीच पसंत. एकदा लिहिलेलं पुसता येत नाही.

पहिल्याच डिस्कच्या शेवटाला काम अडायचं. इमेजच्या तुकड्याचा आकार कुणीतरी 4700 एमबी टाकून ठेवलेला. वेष्टणावरचे 4.7 जीबी हजाराच्या हिशोबाने असतात, सॉफ्टवेअर 1024 ने मोजतं. त्याच्या मापाने डिस्कवर साधारण 4480 एमबीच मावतात. मी 2000 चे तुकडे पाडले, डिस्कला दोन. शिवाय थेट डिस्कवर न लिहिता तुकडे आधी डी ड्राइव्हवर काढले आणि तिथेच तपासले. इमेज शाबूत निघाली. म्हणजे दोष असलाच तर बर्निंगमध्ये.

मंगळवार, 29 जुलै, पालघर
ईद. लॅब बंद. लॅबच्या मॅडमनी दिलेला जुन्या डिस्कचा गठ्ठा घरी चाळला. काही डिस्कच्या कडेला काळसर डाग, त्या वाचताच येईनात. डीव्हीडी-आरचा परावर्तक थर बहुधा चांदीच्या मिश्रधातूचा असतो. गंधकाच्या वायूने देव्हाऱ्यातली समई काळवंडते तसा तोही काळवंडतो. एमआयडीसीतली हवा आणि हा पाऊस बघता मला तरी तोच संशय. महागड्या सोनेरी थराच्या डिस्क येतात, पण तो विषय मालकांपुढे काढण्यात अर्थ नाही.

बुधवार, 30 जुलै, बोईसर
पहिली डिस्क पास. दुसरी बर्न होते, पण व्हेरिफायला नापास, तीही दरवेळी शेवटाकडे. मॅडम म्हणाल्या, "दादा, बर्न सक्सेसफुल आलंय ना, मग अजून काय बघताय?" बर्न झालं म्हणजे लेझर फिरला एवढंच.

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि कडेला वेग सगळ्यात जास्त असतो. ट्यूबलाइटखाली जांभळी बाजू तिरकी धरली तर कडेजवळ बारीक वलयं दिसत होती. वेग 4 एक्सवर आणला, तरी बफरचा पट्टा सारखा शून्यावर. आणि माउस अडखळत होता. माउस अडखळला की मी आधी डिव्हाइस मॅनेजर उघडतो. सेकंडरी आयडीई चॅनेल: पीआयओ.

एक्सपीची ही जुनी खोड. ड्राइव्हकडून सहा चुका मोजल्या की तो डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेण्याची सोय, उतरवत नेतो आणि शेवटी पीआयओवर आणून ठेवतो, कायमचा. मग प्रत्येक बाइट प्रोसेसरच्या हातून. पीआयओची कमाल मजल कागदावरही सेकंदाला 16.6 एमबी; 16 एक्सला 22 लागतात. चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट केलं, डीएमए परत आलं. पण मुळात चुका का झाल्या? केबल 40 तारांची, दुमडून कॅबिनेटमध्ये कोंबलेली. नवापूर नाक्याजवळच्या एका दुकानात भंगार मशीनमधून 80 तारांची मिळाली. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मला पाजायला लावला.

4 एक्सवर चौदा-पंधरा मिनिटं. व्हेरिफाय पास.

शुक्रवार, 1 ऑगस्ट, बोईसर
आजपासून पालघर हा राज्याचा 36वा जिल्हा. लोकलमध्ये दुसरा विषय नव्हता. लॅबच्या रजिस्टरवर मात्र अजून 'जि. ठाणे' छापलेलं, मॅडम म्हणाल्या, रजिस्टर संपेपर्यंत राहू दे.

मूळ हार्डडिस्क काढून जुनी रिकामी लावली, बूट सीडी टाकली आणि डीव्हीडीवरूनच रिस्टोअर केलं. एक्सपी उठलं. एचपीएलसीचं सॉफ्टवेअर उघडेना: पॅरलल पोर्टमधला डोंगल सफाईच्या वेळी कुणीतरी काढून ड्रॉवरमध्ये टाकलेला. लायसन त्याच्यात असतं, इमेजमध्ये येत नाही. डोंगल लावला, जुने क्रोमॅटोग्राम दिसले.

डिस्कवर मार्करने लिहायचं तर मधल्या पारदर्शक कड्यावरच, असं सांगितलं. एक संच लॅबच्या कपाटात, दुसरा मुंबईच्या ऑफिसात. डोंगल हरवला तर काय, हे सॉफ्टवेअरच्या कंपनीला लेखी विचारायला मॅडमना सांगून आलो.