बर्दन

परवा एका जुन्या इंग्रजी पुस्तकात 'बर्दनसमनेस' हा शब्द भेटला. बर्दन म्हणजे आजच्या बर्डनचं जुनं रूप. गलबत किती टन माल वाहील, तेही इंग्रज पूर्वी याच शब्दानं सांगत. त्याला शेपटांवर शेपटं जोडून 'ओझेपणा' केलेला. उच्चारतानाच धाप लागते, अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तसा हा परकाही नाही. आपल्या 'भार'चा दूरचा चुलतभाऊच. दोघांचं मूळ एक, वाहून नेणं.

पण मावळात 'ओझेपणा' कुणी म्हणत नाही. इथे डोईवर मोळी असते, खाचरातून खळ्यावर भाताचा भारा येतो आणि सातबाऱ्यावर बोजा बसतो. सोसायटीचं पीककर्ज 'इतर हक्कां'त लागलं की बोजा चढला. फिटून फेरफार झाला की उतरला. कागदावरचं कर्जही घाटासारखं चढतं-उतरतं. हा शब्द तलाठ्यानं नव्हे, बोरघाट पायी चढून आलेल्या कुणीतरी काढला असावा, असं मला उगीचच वाटतं.

त्या घाटात 1830 साली गाडीरस्ता झाला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून चढे. 1863 मध्ये रेल्वे आली, तीही सदतीस फुटांमागे एक फूट चढणारी. एवढा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. हल्लीच्या वंदे भारतला ती लागत नाहीत. तिचं कौतुक आहे, पण माझा जीव बँकरवर.

खंडाळ्याच्या बाजूला एकदा पायवाटेवर एक म्हातारी मोळीशेजारी बसली होती. लुगड्याच्या चिंधीची चुंबळ डोक्यावर आधीच ठेवलेली.

"दादा, जरा हात लाव की."

मी हात लावला. मोळी माझ्या अंदाजापेक्षा फारच जड निघाली. "आजी, एवढं झेपतं?"

"डोईवर आली की काय नाय रं. वर घेताना एकटीला जड जातं."

एवढं बोलून ती चालूही लागली.

घाट संपला की लोणावळ्याला बँकर सुटतात. गाडी पुण्याकडे निघते आणि ती इंजिनं रिकामीच पुन्हा कर्जतला उतरतात.